वेताळाचा राजा पैठणचा की उज्जैनचा?

विक्रम-वेताळाच्या गोष्टींतला राजा कुठला? घरात, वर्गात, कट्ट्यावर कुठेही विचारा, उत्तर बहुधा एकच येतं : उज्जैनचा. ‘चांदोबा’ वाचून मोठी झालेली पिढी हेच सांगेल आणि १९८५ साली दूरदर्शनवर रामानंद सागरांची मालिका पाहिलेली पिढीही हेच सांगेल. आता अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने लिहिलेला ‘कथासरित्सागर’ उघडा. वेताळाच्या गोष्टी त्याच्या बाराव्या लंबकात, म्हणजे खंडात, आहेत, आणि त्यांच्या आरंभीच गोदावरीकाठच्या प्रतिष्ठान नगरीचं नाव येतं. तिथे त्रिविक्रमसेन नावाचा राजा राज्य करतो. प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण, छत्रपती संभाजीनगरपासून पन्नासेक किलोमीटरवरचं. वेताळ ज्या झाडावर लटकतो ते झाडही वडाचं किंवा पिंपळाचं नाही, शिंशपेचं आहे.

मग उज्जैन म्हणणाऱ्याला शून्य गुण द्यायचे का? प्रेताच्या तोंडून बोलणारा वेताळ कधी नव्हता, त्याला खांद्यावर घेऊन मसणवटीतून चालणारा राजाही नव्हता. जे घडलंच नाही, त्याबद्दलचं उत्तर चुकतं कसं? आणि बरोबर ठरतं ते कशाच्या आधारावर?

हा प्रश्न पोरखेळ वाटू शकतो. पण कल्पित जगांवरच्या प्रश्नमंजूषा आता जगभर चालतात. हॅरी पॉटरच्या शाळेतल्या वर्गांची, टॉल्किनच्या राजघराण्यांची परीक्षा लोक मन लावून देतात. अशी परीक्षा नेमकं काय तपासते, ते समजून घ्यायला आपल्याला दूर जायला नको. मराठवाड्याच्या मातीशी नातं सांगणारं एक अफाट कल्पित जग आपल्याकडे आहेच.

न घडलेल्याचं खरं उत्तर

‘पैठण गोदावरीच्या काठी आहे’ हे वाक्य तपासायचं तर पैठणला जावं लागेल. ‘त्रिविक्रमसेन पैठणचा राजा होता’ हे वाक्य तपासायला पैठणला जाऊन काही उपयोग नाही, पोथीकडेच जावं लागतं. कारण या वाक्याच्या आधी दोन शब्द न बोलता धरलेले असतात : ‘या ग्रंथात’. कल्पित जगाबद्दलचं प्रत्येक विधान या दोन शब्दांच्या आधारावर उभं असतं. ते शब्द काढले की विधान खोटं ठरतं. ते ठेवले की विधान खरं किंवा खोटं ठरवता येतं, आणि तेही अगदी काटेकोरपणे.

मेंढीकोट खेळणाऱ्यांना हे चटकन कळेल. एका घरी कट हुकूम खेळतात, दुसऱ्या घरी बंद हुकूम. डाव मांडल्यावर कुणी पान चुकीचं टाकलं तर सगळे एकदम ओरडतात, आणि ते ओरडणं रास्त असतं. पण ‘खरा हुकूम कोणता?’ असं कुणी विचारलं, तर आधी ‘कुणाच्या घरचा डाव?’ हे विचारावं लागतं. नियम माणसांनीच केलेले आहेत, म्हणून ते ढिले होत नाहीत. फक्त ते त्या घरापुरते असतात.

कल्पित जगाच्या परीक्षेतली अर्धी भांडणं इथेच मिटतात. उज्जैन म्हणणारा नंतरच्या लोकप्रिय वाचनांच्या घरात बसून बोलतो आहे, पैठण म्हणणारा सोमदेवाच्या. प्रश्नात घराचं नाव नसेल, तर दोष उत्तर देणाऱ्याचा नाही, प्रश्न काढणाऱ्याचा आहे.

पैठणच्या दरबारातलं एक जग

सोमदेवाने आपला ग्रंथ काश्मीरच्या अनंत राजाची राणी सूर्यवती हिच्या मनोरंजनासाठी रचला. १८ लंबक, १२४ तरंग, एकवीस हजारांवर श्लोक. एवढं मोठं काम करूनही तो स्पष्ट सांगतो की हे मूळ माझं नाही, मी गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’चा संक्षेप करतो आहे. गुणाढ्याची बृहत्कथा पैशाची भाषेत होती. दंडी आणि बाणभट्ट या दोघांनीही तिचा आदराने उल्लेख केला आहे. आज ती कुठेही सापडत नाही.

ती कशी जन्मली, याची गोष्ट सोमदेवाच्या पहिल्याच लंबकात आहे, आणि ती गोष्टच या जगाचं प्रवेशद्वार आहे. पार्वती शंकराकडे कुणीही न ऐकलेली कथा मागते. शंकर तिला विद्याधरांच्या, म्हणजे विद्येच्या बळावर उडणाऱ्या दिव्य जनांच्या, सात चक्रवर्तींची कथा सांगतो. दारात पहाऱ्याला नंदी असतो, पण पुष्पदंत नावाचा गण योगबळाने गुप्तपणे आत जाऊन सगळं ऐकतो आणि घरी बायकोला सांगतो. बायको तीच कथा पार्वतीला ऐकवते. पार्वती संतापून पुष्पदंताला मनुष्यजन्माचा शाप देते. त्याच्यासाठी रदबदली करणाऱ्या माल्यवानालाही तोच शाप मिळतो. पुष्पदंत वररुची होऊन जन्मतो, माल्यवान गुणाढ्य होतो आणि पैठणच्या सातवाहन राजाचा मंत्री बनतो.

राजाला संस्कृत धड येत नसतं. राणीसमोर फजिती झाल्यावर त्याला ते शिकायची घाई होते. गुणाढ्य म्हणतो, सहा वर्षांत शिकवतो. शर्ववर्मा नावाचा दुसरा मंत्री म्हणतो, सहा महिने पुरेत. गुणाढ्य पैज लावतो की हे साधलं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडेन. शर्ववर्मा कार्तिकेयाच्या कृपेने पैज जिंकतो. गुणाढ्य मुका होऊन विंध्याच्या जंगलात जातो, तिथे पिशाचांची भाषा शिकतो. काणभूती नावाच्या पिशाचाकडून सात कथा ऐकतो आणि सात वर्षांत सात लाख श्लोक लिहितो. जंगलात शाई नसते, म्हणून तो स्वतःच्या रक्ताने लिहितो.

शिष्य तो ग्रंथ पैठणला घेऊन येतात. पिशाचांची भाषा आणि रक्ताची अक्षरं पाहून राजा तो झिडकारतो. मग गुणाढ्य एका टेकडीवर अग्निकुंड पेटवतो. एकेक पान मोठ्याने वाचायचं आणि आगीत टाकायचं. भोवती हरणं, डुकरं, रेडे गोळा होतात, चरणं सोडून अश्रू ढाळत ऐकतात. इकडे राजा आजारी पडतो. वैद्य म्हणतात, सुकं मांस खाल्ल्यामुळे. आचाऱ्यांना विचारलं तर ते पारध्यांकडे बोट दाखवतात, आणि पारधी सांगतात की जंगलात एक ब्राह्मण पानं वाचून जाळतो आहे, जनावरं चरतच नाहीत. राजा धावत पोचतो तेव्हा सहा लाख श्लोक जळलेले असतात. उरलेला एक लाख म्हणजे विद्याधरांचा चक्रवर्ती होणाऱ्या नरवाहनदत्ताची कथा.

एखाद्या पुस्तकाच्या नाशाची इतकी हृदयद्रावक कथा आपल्या जिल्ह्याच्या नावावर आहे, आणि आपल्यापैकी फार थोड्यांना ती ठाऊक आहे, याची मला मनापासून खंत वाटते.

मूळ हरवलं, वारस उरले

मूळ ग्रंथच नसेल, तर ‘बरोबर उत्तर’ कुठे शोधायचं? इथे संशोधकांची पद्धत पाहण्यासारखी आहे.

बृहत्कथेचे वारस निरनिराळ्या प्रांतांत सापडतात. काश्मिरात सोमदेव आणि त्याच्या थोडा आधीचा क्षेमेंद्र, ज्याच्या ग्रंथाचं नाव ‘बृहत्कथामंजरी’. नेपाळात सापडलेला बुधस्वामीचा ‘बृहत्कथाश्लोकसंग्रह’. तमिळमध्ये कोंगुवेळिर यांचं ‘पेरुंगदै’. आणि जैन परंपरेत संघदासगणींची ‘वसुदेवहिंडी’, जी महाराष्ट्री प्राकृतात आहे. बुधस्वामीच्या पोथीचा विचार पुढे नेऊन फ्रेंच पंडित फेलिक्स लाकोत यांनी १९०८ मध्ये गुणाढ्यावर मोठा ग्रंथ लिहिला. लुडविग आल्सडॉर्फ या जर्मन विद्वानांनी १९३५ मध्ये रोमच्या प्राच्यविद्या परिषदेत दाखवून दिलं की ‘वसुदेवहिंडी’ हीसुद्धा बृहत्कथेचीच एक शाखा आहे. तिच्यात नायक बदलला आहे. नरवाहनदत्ताच्या जागी कृष्णाचे वडील वसुदेव आले आहेत, पण साहसांचा सांगाडा तोच आहे.

आता पद्धत अशी. एकमेकांशी संपर्क नसलेल्या दोन ग्रंथांत एखादा विलक्षण तपशील सारखाच आला, तर तो दोघांनीही जुन्या, समाईक मुळातून घेतला असण्याची शक्यता मोठी. बुधस्वामीकडे सानुदास नावाच्या व्यापाऱ्याचा प्रवास आहे. कड्यावरच्या अरुंद वाटेने बकऱ्यांवर बसून जायचं, मग बकऱ्यांच्या कातड्यात स्वतःला शिवून घ्यायचं, म्हणजे प्रचंड पक्षी मांसाचा गोळा समजून उचलून पलीकडे नेतात. ‘वसुदेवहिंडी’त हाच प्रवास चारुदत्त करतो. नेपाळातली शैव पोथी आणि जैनांची प्राकृत पोथी, दोघींत कातडं शिवण्याचा तोच तपशील. काश्मिरी ग्रंथांत मात्र ही गोष्ट नाही. म्हणून संशोधक म्हणतात की हा प्रवास गुणाढ्याकडे असणार, काश्मिरात तो गळला.

उलट टोकाला वेताळाच्या गोष्टी आहेत. त्या सोमदेव आणि क्षेमेंद्र या दोन्ही काश्मिरी ग्रंथांत आहेत. बुधस्वामीच्या हाती लागलेल्या २८ सर्गांत नाहीत, ‘वसुदेवहिंडी’तही नाहीत. म्हणजे वेताळपंचविशी ही काश्मिरी शाखेत नंतर येऊन बसली असावी. त्रिविक्रमसेन पैठणचा, हे सोमदेवाच्या ग्रंथापुरतं पक्कं. गुणाढ्याने तसं लिहिलं होतं, असं मात्र म्हणता येत नाही.

खुद्द गुणाढ्याच्या गावाचीही तीच कथा. सोमदेव त्याला प्रतिष्ठानाशी जोडतो, तर ‘नेपाळमाहात्म्य’ त्याचा जन्म मथुरेला घालतं आणि उज्जैनच्या मदन राजाच्या दरबारात त्याला बसवतं. शर्ववर्म्याकडून झालेली हार दोन्हीकडे आहे. गाव बदललं, हार टिकली. कथा प्रवास करते तेव्हा घटना चिवट असतात आणि गावं-नावं ढिली, हे वारंवार दिसतं.

आठवण स्वतःच गोष्ट बदलते

असं का होतं, यावर ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग आजही सांगितले जातात. त्यांनी केंब्रिजमधल्या लोकांना उत्तर अमेरिकेच्या मूलनिवासींची एक भुताखेतांची कथा वाचायला दिली आणि काही काळाने ती आठवून लिहायला सांगितली. लोकांनी मुद्दाम काही बदललं नाही. तरी त्यांच्या लिखाणात कॅनूची साधी होडी झाली, सीलच्या शिकारीची मासेमारी झाली. जे अनोळखी होतं ते गळलं किंवा ओळखीच्या रूपात आलं.

त्रिविक्रमसेनाचंही असंच झालं असणं स्वाभाविक आहे. नावात ‘विक्रम’ आहे, आणि विक्रम म्हटलं की उज्जैन ओठांवर येतं. शिंशपा आपल्या अंगणात नसते, भुतांचं झाड म्हणून वड-पिंपळ लहानपणापासून ऐकलेले असतात. स्मरणशक्ती रिकाम्या जागा आपल्या घरातल्या सामानाने भरते. कल्पित जगाची परीक्षा कठीण असते ती यामुळे. खऱ्या जगाची चुकलेली आठवण कधीतरी बाहेरच्या वस्तुस्थितीवर आपटते आणि सुधारते. वेताळाचं झाड पुन्हा पाहायला मात्र पुस्तकाशिवाय दुसरी जागा नाही.

चांगला प्रश्न कसा घडतो

अशा परीक्षेचा एक जुना आणि गाजलेला नमुना १८५७ चा आहे. केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजमध्ये चार्ल्स कॅल्व्हर्ली या कवीने डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’ या कादंबरीवर खरीखुरी प्रश्नपत्रिका काढली. पहिला आला वॉल्टर बेझंट, जो पुढे कादंबरीकार झाला, आणि दुसरा वॉल्टर स्कीट, जो पुढे इंग्रजी शब्दव्युत्पत्तीचा मोठा अभ्यासक झाला. प्रश्न कसे होते? पुस्तकात एक जाडा मुलगा सतत झोपलेला असतो. कॅल्व्हर्लीने विचारलं की तो जागा असल्याचं कुठे कुठे म्हटलं आहे. ‘सतत झोपणारा मुलगा कोण?’ याचं उत्तर कुणाकडून ऐकूनही देता येतं. तो जागा कधी होता हे सांगायला पुस्तक नजरेखालून गेलेलं लागतं.

ओळखणं आणि आठवणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. चार पर्याय समोर ठेवले की बरोबर नाव ‘ओळखीचं वाटतं’, तेवढ्यावर काम भागतं. शिवाय चार पर्यायांच्या दहा प्रश्नांत नुसते अंदाज लावले तरी सरासरी अडीच उत्तरं बरोबर येतात. म्हणून पर्याय देणाऱ्या परीक्षेचा कस चुकीच्या पर्यायांवर ठरतो.

उदाहरण घ्या. ‘राजाला सहा महिन्यांत व्याकरण कुणी शिकवलं?’ पर्याय : शर्ववर्मा, चाणक्य, कालिदास, तुकाराम. हा प्रश्न कुचकामी आहे. तीन नावं दुसऱ्याच जगातून आलेली किंवा ऐकून माहीत असलेली आहेत, अनोळखी उरतं तेच उत्तर. आता पर्याय बदला : शर्ववर्मा, वररुची, पाणिनी, व्याडी. ही चारही माणसं सोमदेवाच्या पहिल्याच लंबकात आहेत, चारही जण विद्येशी जोडलेले आहेत. पाणिनी तर तिथे वर्ष नावाच्या गुरूचा मंद विद्यार्थी आहे, जो तप करून शंकराकडून नवं व्याकरण मिळवतो. ज्याने हा लंबक वाचलेला नाही तो हमखास पाणिनी म्हणेल, कारण बाहेरच्या जगात व्याकरण म्हणजे पाणिनी. चुकीचे पर्याय त्याच जगातले, त्याच पेठेतले असावेत, हा साधा नियम पाळला की प्रश्न एकदम जिवंत होतो.

नावांपलीकडे, नियमांकडे

तरीही हे सगळं पाठांतराच्या पातळीवरचं झालं. कल्पित जग खरोखर कळलं आहे का, हे त्या जगाचे नियम विचारल्यावर कळतं.

सोमदेवाच्या जगात परकायाप्रवेश शक्य आहे, पण त्याला अट आहे. वररुची, व्याडी आणि इंद्रदत्त हे तिघे गुरुदक्षिणेसाठी एक कोटी सुवर्णमुद्रा मागायला नंद राजाकडे जातात. ते पोचतात तोच राजा मरतो. इंद्रदत्त योगबळाने राजाच्या मृतदेहात शिरतो, आणि त्याचा स्वतःचा रिकामा देह एका ओसाड देवळात व्याडी राखत बसतो. वररुची ‘राजा’कडे कोटी मागतो. मंत्री शकटाल चतुर असतो. मेलेला राजा उठतो काय आणि लगेच कोटी द्यायला सांगतो काय, हे त्याला खटकतं. तो हुकूम सोडतो की राज्यात जिथे जिथे प्रेत असेल ते जाळा. इंद्रदत्ताचा देहही त्यात जातो. तो जन्मभर नंदाच्या शरीरात अडकतो.

इथे ‘मंत्र्याचं नाव काय?’ हा एक प्रश्न झाला. ‘शकटालाने सगळीच प्रेतं का जाळायला सांगितली?’ हा त्याच्या बराच वरचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर देणाऱ्याला नियम कळलेला असतो : सोडलेला देह शाबूत असेपर्यंतच परत येता येतं.

त्याहून वरची पायरी म्हणजे पुस्तकात न घडलेल्या प्रसंगाला नियम लावून पाहणं. राजा पोचायच्या आत गुणाढ्याने सातव्या लाखाचीही पानं जाळली असती, तर कुणाचा शाप तसाच राहिला असता? विचार करा. पार्वतीने अटी घातलेल्या आहेत. पुष्पदंताने काणभूतीला कथा सांगितली की तो सुटणार. काणभूतीने (तोही शापितच) माल्यवानाला, म्हणजे गुणाढ्याला, सांगितली की काणभूती सुटणार. गुणाढ्य मात्र नुसती ऐकून किंवा लिहून सुटणार नव्हता, ती जगात पसरली पाहिजे. म्हणजे पानं जळाली असती तरी आधीचे दोघे सुटलेलेच होते, अडकला असता तो एकटा गुणाढ्य. राजा धावत आला तेव्हा ग्रंथ वाचला, आणि लेखकाची सुटकाही त्यातच होती. हे उत्तर कुठल्याही पानावर छापलेलं नाही, तरी ते बरोबर आहे आणि सिद्ध करता येतं. माझ्या मते अशा एका प्रश्नाला पाठांतराच्या वीस प्रश्नांचं वजन द्यावं.

नियम माहीत असले की डोळेही वेगळं पाहतात. अजिंठा-वेरूळच्या लेण्यांत वर उडत येणारी जोडपी कोरलेली दिसतात, गुडघ्यात पाय दुमडलेली, कधी हातात माळ घेतलेली. त्यांना पंख नसतात. विद्याधर विद्येच्या बळावर उडतो, पंखांनी नाही. कमरेखाली पक्ष्याचं अंग दिसलं तर तो किन्नर. शाळेच्या सहलीत मुलांना एवढं एक सांगून ठेवलं, तर ती स्वतःच शोधत सुटतात.

लेखकच उत्तर बदलतो तेव्हा

आवृत्तीचा घोळ फक्त जुन्या पोथ्यांत असतो असं नाही. शेरलॉक होम्सच्या पहिल्या कादंबरीत डॉ. वॉटसनच्या खांद्याला गोळी लागलेली आहे, दुसरीत ती पायाला लागलेली आहे. दोन्ही कॉनन डॉयलनेच लिहिलं. टॉल्किनच्या ‘द हॉबिट’मध्ये १९३७ च्या पहिल्या आवृत्तीत गॉलम कोड्यांच्या पैजेत आपली अंगठी बक्षीस म्हणून लावतो. पुढच्या मोठ्या कथेत ते बसेना, म्हणून १९५१ च्या आवृत्तीत प्रसंग बदलला. जुना वृत्तांत टॉल्किनने फेकून दिला नाही. तो बिल्बोने आधी सांगितलेला खोटा वृत्तांत होता, असं त्याने जगाच्या आतच ठरवून टाकलं. हॅरी पॉटरच्या चौथ्या पुस्तकाच्या पहिल्या छपाईत कांडीतून हॅरीचे वडील आईच्या आधी बाहेर येतात, नंतरच्या छपाईत क्रम सुधारला आहे.

आपल्या वेताळाकडेही हे आहेच. मस्तकं बदलली जाण्याची ती प्रसिद्ध गोष्ट आठवा. सोमदेवाकडे मदनसुंदरी नवऱ्याच्या धडावर आपल्या भावाचं डोकं लावून बसते. टॉमस मानने १९४० मध्ये ती कथा घेतली तेव्हा दुसरा पुरुष नवऱ्याचा मित्र झाला, आणि गिरीश कार्नाडांच्या ‘हयवदन’मध्येही तो मित्रच आहे. विजया मेहतांच्या दिग्दर्शनातलं मराठी ‘हयवदन’ पाहिलेला प्रेक्षक ‘मित्र’ म्हणेल, सोमदेव वाचलेला ‘भाऊ’ म्हणेल. या बदलामुळे गोष्टीचा सगळा ताणच वेगळा होतो, म्हणून कोणती गोष्ट विचारली आहे हे सांगणं इथे फार महत्त्वाचं.

> चौकट : करून पाहा
>
> *उदयन राजाला पकडायला उज्जैनच्या चंडमहासेनाने कोणती युक्ती केली?* (कथासरित्सागर) कृत्रिम हत्ती बनवून त्यात योद्धे लपवले.
>
> *नरवाहनदत्ताच्या सासूचं, कलिंगसेनेचं, कूळ कोणतं?* सोमदेवाकडे ती तक्षशिलेची राजकन्या, बुधस्वामीकडे गणिका. ग्रंथ विचारल्याशिवाय उत्तर देऊ नका.
>
> *विद्याधर कुठे राहतात?* सोमदेवाकडे हिमालयात, कैलासाच्या दोन्ही अंगांना. जैन ग्रंथांत वैताढ्य पर्वतावर, दक्षिणेला ५० आणि उत्तरेला ६० नगरांत.

ज्या प्रश्नांना उत्तरच नाही

खऱ्या आणि कल्पित जगातला सगळ्यात खोल फरक इथे आहे. सातवाहनांच्या काळात एखाद्या ठरावीक दिवशी पैठणात किती माणसं होती? आज सांगता येणार नाही, पण उत्तर होतं. नेमका एक आकडा होता. आता विचारा : गुणाढ्याने जाळलेल्या सहा लाखांतला शेवटचा श्लोक कोणता? याला उत्तरच नाही. तो श्लोक हरवलेला नाही. तो मुळात कुणी रचलाच नाही, कथेत फक्त ‘सहा लाख जळाले’ एवढंच आहे. खऱ्या जगात माहितीला भोकं पडतात. कल्पित जगाला स्वतःलाच भोकं असतात. इंग्रज समीक्षक एल. सी. नाइट्स यांनी १९३३ मध्ये ‘लेडी मॅकबेथला मुलं किती होती?’ हेच आपल्या निबंधाचं नाव ठेवलं. शेक्सपिअरने न लिहिलेलं शोधत बसणाऱ्यांना त्यांनी दिलेलं ते उत्तर होतं.

म्हणून कल्पित जगाच्या चांगल्या जाणकाराला ‘हे ग्रंथात नाही’ असं ठामपणे म्हणता आलं पाहिजे. प्रश्नपत्रिकेत असा एखादा प्रश्न जरूर ठेवावा, कारण अर्धवट माहिती असलेला माणूस तिथे काहीतरी रचून सांगतो.

वेताळाची परीक्षाही अखेर यावरच ठरते. त्याची अट आपल्याला पाठ आहे : उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर मी परत झाडावर. त्रिविक्रमसेन तेवीस वेळा बोलतो, तेवीस वेळा वेताळ परत जातो. चोविसाव्या कथेत बाप मुलीशी लग्न करतो आणि त्याचा मुलगा तिच्या आईशी, आणि वेताळ विचारतो की त्यांच्या मुलांचं आपसांत नातं काय. राजाला उत्तर सुचत नाही. तो गप्प चालत राहतो. डोकं फुटत नाही, कारण त्याला खरंच माहीत नसतं. या मौनावर वेताळ प्रसन्न होतो आणि राजाला प्रेत आणायला पाठवणाऱ्या कपटी भिक्षूचा बेत त्याला सांगून टाकतो. राजा वाचतो.

संभाजीनगर आणि पैठणच्या शाळांनी, वाचनालयांनी कथा-पुराणांवर प्रश्नमंजूषा ठेवताना दोन गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक प्रश्नाखाली ग्रंथाचं नाव आणि आवृत्ती छापावी. आणि दहातला निदान एक प्रश्न असा ठेवावा की ज्याचं उत्तर पानावर सापडत नाही, नियम लावून काढावं लागतं. ‘कथासरित्सागरा’चा ह. अ. भावे यांनी केलेला मराठी अनुवाद आहे. सुरुवात पहिल्या लंबकापासून करा, पैठण तिथेच भेटेल.